मन्मथअप्पांचा अर्ज

मन्मथअप्पांच्या डाव्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत, बॉलपेननं नावं लिहिलेली असायची. मी नोकरीवर रुजू झाले त्या दिवशी माझ्या कागदावर सही करायला त्यांनी बाही वर सारली आणि मला ती दिसली. माधव, गणपत, शेख, मारोती. बाजूला आकडे. चांगल्या घरातला, पन्नाशीचा, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढलेला माणूस शाळकरी पोरासारखा हात रंगवून बसलाय हे बघून मला हसू आलं होतं. ते त्यांनी पाहिलं आणि सही केली.

मुदखेडकडे जाणाऱ्या रस्त्यावर फुलांच्या मळ्यांमध्ये वीज कंपनीचं एक उपकेंद्र आहे, तिथं मी ऑपरेटर म्हणून लागले होते. अप्पा तिथले लाइन इन्स्पेक्टर. खांबावर चढणारी जी माणसं असतात ती त्यांच्या हाताखाली. माणूस वर चढायच्या आधी उपकेंद्रातून त्या लाईनचा प्रवाह बंद करायचा, याला परमिट घेणं म्हणतात. प्रत्येक परमिटला नंबर असतो. काम संपून माणूस खाली उतरला की परमिट परत, आणि मग ऑपरेटरनं प्रवाह चालू करायचा. अप्पांच्या हातावर असायची ती त्या घटकेला खांबावर असलेल्या माणसांची नावं, आणि आकडे म्हणजे त्यांच्या परमिटचे नंबर. माणूस उतरला की तो अप्पांना फोन करी. अप्पा त्याचा आवाज ऐकत, अंगठ्याला थुंकी लावून ते नाव पुसत आणि मला फोन करून म्हणत, "आयतू."

आयतू म्हणजे कानडीत झालं. अप्पा उदगीरच्या पलीकडचे, लिंगायत घरातले, त्यांच्या बोलण्यात असे चार-दोन शब्द यायचे. आमच्यातल्या कुणालाच कानडी येत नव्हतं, पण हा शब्द सगळ्यांनी उचलला. चहा पिऊन झाला की गणपत म्हणायचा आयतू. मी घरी भांडी घासून झाली की म्हणायचे.

मला ते अक्का म्हणत. त्यांच्याकडे मुलीला लाडानं तसं म्हणतात. त्यांची खरी मुलगी, गौरी, लातूरला शिकत होती. वैद्यकीयच्या परीक्षेची तयारी करायला बायकोसकट तिला तिथं ठेवलं होतं आणि स्वतः मुदखेडला एका खोलीत राहात होते. भाकरी स्वतः थापायचे. ती इतकी जाड असायची की माधव म्हणायचा, ही खांबाखाली घातली तर खांब हलणार न्हाई. माधव हा आमचा सगळ्यात जुना लाईनमन, अप्पांच्या बरोबरीचा. अप्पांना तोंडावर बोलायची मुभा त्याला एकट्याला होती.

लागून महिना झाला असेल. एप्रिलचं ऊन. गणपत एका शेताच्या लाईनवर चढला होता आणि त्या लाईनवरच्या गुलाबवाल्यांची पाण्याची पाळी निघून चालली होती. आठ-दहा जण उपकेंद्रात येऊन उभे. तेवढ्यात गणपतच्या जोडीदाराचा अप्पांना फोन आला की काम झालं, लाईट सोडा. अप्पा म्हणाले, गणपतला दे. तो म्हणाला, गणपत जरा बाजूला गेलाय. अप्पा म्हणाले, आला की दे. आणि फोन ठेवून समोर बसून राहिले. पाऊण तास. गुलाबवाले आधी विनवत होते, मग आवाज चढला, मग एकानं अप्पांच्या जातीवरून काहीतरी काढलं. अप्पा खिडकीबाहेर बघत होते. पाऊण तासानं गणपतचा फोन आला. जवळच्या वस्तीवर त्याच्या मावशीचं घर होतं, तिथं तो शेवया खायला गेला होता.

सगळे गेल्यावर मी त्यांना म्हटलं, अप्पा, जोडीदार सांगतोय म्हणजे तो उतरलाच असणार की.

"उतरलाच असंल. पण मला ऐकू आला न्हाई," ते म्हणाले. "अक्का, वर राहिलेला माणूस मी वर हाय म्हणून फोन करत न्हाई. त्याचा आवाज आला न्हाई, एवढंच आपल्याला कळत असतंय."

माणसांना ते कधी रागावले नाहीत. एखाद्यानं हातमोजे न घालता काम केलं, कुणी पिऊन आला, की त्या दिवशी अप्पा त्याला आपल्यासमोर जेवायला बसवत. आपली जाड भाकरी अर्धी मोडून त्याच्या डब्याच्या झाकणात ठेवत आणि जेवण होईपर्यंत एक अक्षर बोलत नसत. शेख म्हणायचा, यापेक्षा दोन थोबाडीत मारल्या तर बरं. सकाळी नऊला सगळे जमले की अप्पा रांगेनं चेहरे बघत. बघता बघता एखाद्याला म्हणत, तू आज वर जाऊ नको, खालचं काम बघ. तो कुरकुरला तरी ऐकत नसत. मी एकदा विचारलं, तुम्हाला कसं कळतं. तर म्हणाले, घरी भांडून आलेला माणूस गाठ ढिली मारतो, ते त्याच्या डोळ्यातच दिसत असतंय.

असे चौदा जण होते. चौदा जणांच्या बायकोचं नाव, कुणाच्या पोराला दमा, कुणाचा कोणता गुडघा दुखतो, हे सगळं अप्पांना ठाऊक. मला वाटायचं, जबाबदारी म्हणजे हीच. त्यांच्याकडे बघून ती फार अवघड वाटत नव्हती.

वर्षभरानं शेजारच्या शाखेचे लाइन इन्स्पेक्टर निवृत्त झाले. त्यांच्या जागी माणूस आला नाही. एक दिवस नांदेडहून कागद आला की पुढील आदेशापर्यंत त्या शाखेचाही कार्यभार अप्पांनी सांभाळावा. आणखी सतरा माणसं, तीन लाईनी, चाळीसेक गावं. ती माणसं जमायची आमच्यापासून वीस-बावीस किलोमीटरवर, पण त्यांच्या लाईनी सुटायच्या आमच्याच उपकेंद्रातून. अप्पांनी कागद दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, बघू, महिन्या-दोन महिन्यांचा प्रश्न हाय.

त्यांनी दुसरा फोन घेतला. डावा हात भरला की उजव्या हातावर लिहू लागले. पण लिहिणार डाव्या हातानं, त्यामुळं ती नावं त्यांची त्यांनाच लागायची नाहीत. मग मला म्हणायचे, अक्का, हे काय हाय बघ बरं. मी त्यांचा हात उजेडाकडे धरून वाचायचे.

चेहरे बघायचं मात्र त्यांनी सोडलं नाही. सकाळी नऊला आमची माणसं समोर आणि साडेनऊला ती सतरा माणसं फोनच्या पडद्यावर. एकेकाला म्हणायचे, जरा उजेडात ये. टोपी काढ. मोजे दाखव. साखळी घेतलीस का. साखळी म्हणजे अर्थिंगची. वर चढल्यावर कामाच्या दोन्ही बाजूंना ती तारांवर अडकवायची, म्हणजे चुकून प्रवाह आलाच तर माणसाला न लागता जमिनीत जातो. वेळ जातो म्हणून पुष्कळ जण टाळतात. अप्पा रोज सतरा वेळा तेच विचारायचे आणि पलीकडून कुणीतरी हसायचं. एक मारोती नावाचा नवा पोरगा होता, कंत्राटी, लग्न होऊन वर्षही झालेलं नव्हतं. तो साखळी गळ्यात हारासारखी घालून पडद्यासमोर यायचा.

महिन्या-दोन महिन्यांचं काही खरं नव्हतं. खांबावरच्या कामाशिवाय वसुली, नवीन मीटर, जळालेल्या डीप्या, मोर्चे, आढावा बैठका, आणि प्रत्येक कामाचा फोटो काढून कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर टाकायचा. दोन्ही फोन एकदम वाजायचे. अप्पा एक या कानाला, एक त्या कानाला लावून दोघांनाही हाव हाव म्हणायचे आणि मग माझ्याकडे बघायचे, की यातला कोण काय म्हणाला. एकदा स्कूटर घेऊन नांदेडला गेले आणि येताना ऑटोनं आले. स्कूटर कुठंय विचारलं तर पाच मिनिटं विचार करत बसले. ती पेट्रोलपंपावर उभी होती. आम्ही आठ दिवस हसत होतो, तेही हसत होते.

हसत हसतच त्यांनी आणखी एक सांगितलं होतं. रविवारी त्यांना लातूरला जाणं जमलं नाही म्हणून गौरीचा फोन आला. ती चाचणीचे मार्क सांगत होती. मधेच अप्पांनी तिला विचारलं, खाली उतरलास का. पोरगी म्हणाली, हाव बाबा, उतरले. हे सांगताना अप्पांच्या हातात भाकरीचा तुकडा होता. तो त्यांनी खाल्ला नाही, डब्यात परत ठेवला.

माधवला त्यांनी सांगून बघितलं, तू त्या शाखेचे परमिट बघ, मी इकडचे बघतो. माधवनं आठ दिवस केलं आणि हात जोडून आला. म्हणाला, अप्पा, मला खांबावर चढवा, बारा तास ठेवा, पण हे नको. अप्पा म्हणाले, बरं.

बॅटरीच्या खोलीत ते दिवसातून एकदा जाऊन दार लोटून घ्यायचे. गळ्यात चांदीच्या डबीत लिंग असायचं, मला वाटायचं पूजा करत असतील. एकदा मला बॅटऱ्यांना पाणी घालायला आत जावं लागलं. ते भिंतीला कपाळ टेकून उभे होते, दोन्ही फोन बाहेर माझ्या टेबलावर. मी परत फिरले तर म्हणाले, "ये ये, काही न्हाई. पाच मिनटं कुणी आपलं नाव घेतलं न्हाई की बरं वाटतंय."

दुसरा कार्यभार येऊन आठ महिने झाले होते. थंडीचे दिवस, सकाळचे अकरा. अप्पांना आढावा बैठकीला नांदेडला बोलावलं होतं आणि दोन्ही शाखा मिळून चार परमिट उघडे होते. आमच्याकडेही एक मारोती होता, जुना. तो आणि तिकडचा तो नवा मारोती दोघंही त्या दिवशी वर होते. आमचा पाच नंबरच्या लाईनवर, तिकडचा तीन नंबरच्या.

बैठक चालू असताना अप्पांचा फोन वाजला. ते उठून व्हरांड्यात आले. मारोती बोलतो, उतरलो, असं पलीकडून ऐकलं आणि त्याच वेळी दुसरा फोन वाजत होता. उतरलो म्हणणारा आमचा मारोती होता. अप्पा त्याला तिकडचा मारोती समजले. त्यांनी मला फोन केला.

"अक्का, तीन नंबर आयतू. चालू कर."

नियमानं मी परमिटचा नंबर विचारायला हवा होता. पहिल्या वर्षी विचारायचे. पुढे त्यांच्या शब्दावर काम इतकं बिनबोभाट चालायचं की विचारणं मला उद्धटपणा वाटायला लागलं होतं. मी बटण दाबलं. दाबलं आणि त्याच क्षणी ब्रेकर धाडकन परत पडला, प्रवाह आपोआप तुटला. उपकेंद्रात दिवसातून दहा वेळा लाईन अशी पडते, त्याचं काही नसतं. पण हा आवाज ऐकला आणि मी रजिस्टर पुढं ओढलं. तीन नंबरची नोंद बघितली. मारोती. कोणता मारोती ते शेजारी लिहिलेलं होतं.

मी त्या पोराला फोन लावला. उचलेना. परत लावला. किती वेळा लावला आठवत नाही. चार मिनिटं गेली असतील. मग त्याचाच फोन आला. श्वास लागलेला, आवाज चिरका.

"म्याडम, मी वरच हाय. साखळी टाकलेली हाय."

त्याला काहीही झालं नव्हतं. कानात तेवढे दडे बसले होते. पण तो खाली यायला तयार होईना. खांबाला मिठी मारून बसला होता. शेवटी माधव वर चढून त्याला घेऊन आला.

अप्पा बैठक सोडून नांदेडहून थेट त्या शेतात गेले. पुढचं मला माधवनं सांगितलं. मारोती बाभळीखाली बसला होता. अप्पा त्याच्यासमोर बसले, त्याचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले, तळवे उलटे केले, सुलटे केले, पुन्हा उलटे केले. बराच वेळ. मारोतीच म्हणाला, अप्पा, काही लागलं न्हाई, खरंच. मग ते उठले, शेजारच्या विहिरीच्या मोटारीचं पाणी पडत होतं तिथं जाऊन त्यांनी आपले दोन्ही हात कोपरापर्यंत धुतले. कातडी लाल होईपर्यंत चोळत होते, माधव म्हणाला. त्याला त्यांना धरून बाजूला घ्यावं लागलं.

हे आम्हा चौघांनाच माहीत होतं. रजिस्टरमध्ये एकच ओळ होती, तीन नंबर ट्रिप, दीड तासानं पूर्ववत. माधवनं अप्पांना सांगितलं की विषय इथंच संपला, कुणाला काही सांगायची गरज न्हाई. मारोतीही तेच म्हणाला. मीही तेच म्हणत होते, आणि सगळ्यात जास्त मनापासून मी म्हणत होते.

अप्पांनी माझ्याकडून दोन कोरे कागद मागून घेतले आणि माझ्याच टेबलावर बसून वरिष्ठांना अर्ज लिहिला. त्यांचं अक्षर गोल, मोठं. ओळ चुकली की ती खोडून वर नीट लिहीत. चुकीच्या लाईनवर प्रवाह चालू करण्याचा तोंडी आदेश मी दिला, असं पहिल्याच वाक्यात होतं. पुढे लिहिलं होतं की एकतीस माणसांची जबाबदारी मला पेलत नाही, मला दुसऱ्या शाखेतून मोकळं करावं, आणि ते जमत नसेल तर मला लाईनमनच्या पदावर परत पाठवावं.

मी वाचलं आणि म्हटलं, अप्पा, मी नंबर विचारला नाही हे यात नाही.

"माझा अर्ज हाय, माझंच लिहिलं," ते म्हणाले. "तुझा तू लिही."

मी लिहिला नाही. दोन दिवस रोज लिहायला बसले. नोकरी नवी होती, लग्न ठरायचं होतं, वडिलांनी गावभर सांगून ठेवलं होतं की पोरगी कंपनीत लागली. कारणं मोजायला बसलं तर आणखीही निघतील. अप्पांनी मला त्याबद्दल पुन्हा कधीच विचारलं नाही.

नांदेडच्या मोठ्या साहेबांनी त्यांना बोलावून घेतलं. साहेब वाईट माणूस नव्हता. खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाले, अप्पा, मीही तीन जणांचं काम ओढून राहिलोय, सगळेच ओढून राहिलेत, हे कागद फाडून टाका. अपघात झाला नाही, मग अर्ज कशाचा. वरच्या पदावरून खाली द्या म्हणणारा माणूस त्यांनी नोकरीत पहिल्यांदा पाहिला होता, तसं ते म्हणालेही. अप्पा आल्यावर आम्ही सगळे विचारायला लागलो की तुम्ही काय म्हणालात. ते सांगायला तयार नव्हते. शेवटी माधवनं काढून घेतलं.

अप्पा साहेबांना म्हणाले होते, "साहेब, चौदा माणसं मला डोळ्यापुढं दिसतात. एकतीस दिसत न्हाईत. न दिसणाऱ्या माणसाला मी वर कसा चढवू?"

साहेबांनी अर्ज कप्प्यात ठेवला. अप्पा दर सोमवारी नांदेडला जायचे, साहेबांच्या दाराबाहेरच्या बाकावर तासभर बसायचे आणि शिपायाला सांगून यायचे, मन्मथ येऊन गेला म्हणून सांगा. आणि इकडे त्यांनी एक केलं. दोन्ही शाखा मिळून एका वेळी दोनपेक्षा जास्त परमिट देणं बंद केलं. अर्थात कामं तुंबली. चार तासांचं काम दोन दिवसांवर गेलं. गुलाबवाले, मोगरावाले, पिठाच्या गिरणीवाले, सगळे उपकेंद्रावर यायचे. तहसीलवर एक मोर्चा गेला. अप्पांना मेमो यायला लागले, आणि ते प्रत्येकाच्या खाली 'मिळाला' लिहून सही करून ठेवायचे. आमच्यातलेच काही जण म्हणायला लागले, म्हातारा घाबरला. हे शब्द त्यांच्या कानावर गेले होते. गणपतनं मला सांगितलं की त्यांनी एवढंच म्हटलं, हाव, घाबरलो.

मधे एकदा त्यांच्या बायको लातूरहून आल्या होत्या. खाली मानेच्या, कमी बोलणाऱ्या. मला वाटलं, नवऱ्याला समजवा म्हणून सांगायला आल्या असतील. त्या म्हणाल्या की अर्ज मागं घेऊ देऊ नका. घरी आले की ताटाकडं बघून जेवतील, एवढंच मला पाहिजे.

सात महिन्यांनी आदेश आला. स्वतःच्या विनंतीवरून एका पायरीनं खाली, आणि बदली लातूर. निवृत्ती नव्हती, बढती नव्हती, त्यामुळं निरोपसमारंभ कशाचा करायचा तेच कुणाला कळेना. हार आणला तर मी येणार न्हाई, असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. शेवटचे दोन दिवस ते स्कूटर घेऊन दुसऱ्या शाखेच्या गावांमधून फिरले. त्या सतरा जणांतल्या कितीतरी जणांना त्यांनी पडद्यावर सोडून कधी धड पाहिलंच नव्हतं. जो जिथं कामावर होता तिथं जाऊन त्याच्याशी दोन शब्द बोलून आले. मारोतीच्या घरी जेवले.

निघताना माझ्या टेबलाजवळ उभे राहिले. मी खुर्चीतून उठले. ते म्हणाले, "नंबर विचारत जा अक्का. समोर कुणीबी असू दे. मी असलो तरी."

ते गेल्यावर पंचवीस दिवसांत दुसऱ्या शाखेला स्वतंत्र लाइन इन्स्पेक्टर मिळाला. सव्वा वर्षात जे झालं नव्हतं ते झालं. माधव ते ऐकून उपकेंद्राच्या पायरीवर बसला आणि बराच वेळ उठला नाही.

याला आता सहा वर्षं होत आली. माझं लग्न झालं, दोन पायऱ्या मी वर चढले. आता विष्णुपुरीच्या बाजूला एका उपकेंद्राची प्रमुख आहे. माझ्या हाताखाली बारा जण आहेत. सकाळी नऊला मी त्यांचे चेहरे बघते, पण मला त्यांत काही दिसत नाही. झोप झालेली नाही एवढं दिसतं, ती तर माझीही झालेली नसते. माझे तिन्ही फोन एकदम वाजतात तेव्हा मला अप्पांची फार आठवण येते. फोन लावावा वाटतो. नंबर काढते आणि ठेवून देते. त्या माणसाला आपण आणखी एक फोन कशाला करायचा.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला लातूरला गेले होते. बॅगेत एक कागद होता, आणखी एका उपकेंद्राचा कार्यभार पुढील आदेशापर्यंत मी सांभाळावा असा. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत अप्पांचा पत्ता काढत निघाले. गंजगोलाईच्या मागच्या एका गल्लीत त्यांचं काम चालू होतं. ते शिडीवर होते, एका दुकानाची जळालेली वायर बदलत होते. केस पुरे पांढरे झाले होते. खाली एक चोवीस-पंचवीस वर्षांचा इंजिनियर उभा होता, तो त्यांना सांगत होता आणि अप्पा वरून हाव सर, हाव सर म्हणत होते. तो आवाज मला ओळखू येईना, इतका मोकळा होता.

मला पाहून त्यांना झालेला आनंद मी विसरणार नाही. दुकानाच्या ओट्यावर बसलो. गौरीला वैद्यकीयला नंबर लागला नाही, ती नर्सिंगला गेली, शेवटचं वर्ष आहे. माधव निवृत्त झाला हे त्यांना माहीत होतं. मारोती कायम झाला, त्याला मुलगी झाली, हे मी सांगितलं तर त्यांनी मला ते पुन्हा सांगायला लावलं. मग मी तो कागद काढला. त्यांनी चष्मा लावून वाचला, घडी घालून परत दिला.

मी विचारलं, घेऊ का.

"मी काय सांगू अक्का. मला झेपलं न्हाई. तुला झेपंलबी." त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. "पण झेपत न्हाई असं ज्या दिवशी वाटंल त्या दिवशी गप बसू नको. मला पहिल्या महिन्यातच कळलं व्हतं. आठ महिने गप बसलो मी. त्या आठ महिन्यांत मारोती वर व्हता."

मी नांदेडला येऊन माझा अर्ज लिहिला. आणखी दोन माणसं मिळाल्याशिवाय हा कार्यभार मी घेऊ शकत नाही, असा. आणि सहा वर्षांपूर्वी एका परमिटचा नंबर मी विचारला नव्हता, हेही त्यात लिहिलं. ते वाचून साहेब म्हणाले, मॅडम, याचा इथं काय संबंध. अर्ज अजून त्यांच्याकडे आहे. मी सोमवारी जाते.

पण त्या दिवशी लातूरला आमचं बोलणं पुरं झालंच नाही. पुढच्या कामाला निघायचं म्हणून इंजिनियरनं हाक मारली. अप्पा उठले, वायरचं भेंडोळं खांद्यावर टाकलं, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गेले. मी वळून बघत राहिले. त्यांच्या सोबतची माणसं पुढे चालली होती, अप्पा सगळ्यात मागे. कोपऱ्यावर सीताफळांचा गाडा होता, तिथं ते थांबले. एक फळ उचललं, अंगठ्यानं हलकेच दाबलं, नाकाला लावलं, ठेवलं. दुसरं उचललं. गाडेवाली काहीतरी म्हणाली, पुढून त्या इंजिनियर पोरानं मागं वळून पाहिलं, अप्पांनी त्याला हातानंच थांब म्हटलं. सव्वादोन वर्षं मी त्या माणसाबरोबर काम केलं, पण त्यांना असं सावकाश काही निवडताना कधी पाहिलं नव्हतं. चार फळं त्यांनी बाजूला काढली. मग त्यातलं एक परत ठेवलं, आणि गाड्याच्या पलीकडच्या बाजूला गेले, तिथली बघायला.